वाचकांचे प्रश्न : गाण्यांचा संग्रह नव्या ड्राइव्हवर नेताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे संगणकावरील गाण्यांच्या मोठ्या संग्रहाविषयी होती. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे गाळून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : माझा सुमारे ३८ हजार गाण्यांचा, म्हणजे अंदाजे ७४० जीबीचा संग्रह १ टेराबाइटच्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर होता. जागा संपत आल्यामुळे मी ४ टेराबाइटचा नवा ड्राइव्ह घेतला आणि सगळे फोल्डर त्यावर कॉपी केले. एखादी फाइल थेट उघडली तर गाणे व्यवस्थित वाजते. परंतु प्लेअरच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह दिसते आणि फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो. पंधरा वर्षांत तयार केलेल्या प्लेलिस्ट आणि गाण्यांना दिलेले तारे गेले असे समजावे काय? जुना ड्राइव्ह अजून पुसलेला नाही.

उत्तर : काहीही गेलेले नाही, आणि आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. तूर्त एकच गोष्ट कटाक्षाने टाळावी : उद्गारचिन्हे घालवण्यासाठी सगळी गाणी नव्या ड्राइव्हवरून प्लेअरमध्ये पुन्हा दाखल करू नयेत. तसे केल्यास प्लेअर त्यांना नवी गाणी समजतो, जुन्या नोंदी उद्गारचिन्हांसह तशाच राहतात, यादी दुप्पट होते, आणि प्लेलिस्टमध्ये असतात त्या मात्र जुन्याच, न वाजणाऱ्या नोंदी. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी नेमकी हीच चूक केली होती. त्यामुळे त्याच्या संग्रहातील सगळी गाणी आजही एकाच मंगळवारी जमा झाल्यासारखी दिसतात.

आपण ज्याला संग्रह म्हणतो त्यात मुळात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे गाण्यांच्या फाइली, ज्या आपण नव्या ड्राइव्हवर नेल्या. दुसरी म्हणजे प्लेअरची स्वतःची नोंदवही, जी बहुधा संगणकाच्या अंतर्गत डिस्कवरच राहिलेली असते. प्लेलिस्ट, तारे, गाणे किती वेळा ऐकले याचा आकडा, ते संग्रहात कधी आले ती तारीख, हे सारे त्या नोंदवहीत असते. एमपी३ फाइलच्या टॅगमध्येही, म्हणजे फाइलीच्या आतच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीतही, तारे साठवण्याची सोय आहे आणि काही प्लेअर ती वापरतात. परंतु आयट्यून्ससारखे प्लेअर तारे केवळ आपल्या नोंदवहीत ठेवतात. नोंदवहीत प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या नावापासून फाइलच्या नावापर्यंतचा मार्ग, लिहिलेला असतो. गाणी नव्या घरी गेली आणि नोंदवहीत पत्ता जुनाच राहिला, एवढाच हा घोटाळा आहे.

त्यामुळे ३८ हजार नोंदी दुरुस्त करत बसण्याऐवजी नव्या ड्राइव्हलाच जुना पत्ता द्यावा. विंडोजमध्ये जुन्या ड्राइव्हचे अक्षर कोणते होते ते पाहून तो ड्राइव्ह सुरक्षितपणे काढावा, ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तेच अक्षर नव्या ड्राइव्हला द्यावे आणि मगच प्लेअर सुरू करावा. मॅकवर अक्षरांऐवजी ड्राइव्हचे नाव मार्गात येते; तेव्हा नव्या ड्राइव्हला जुन्याचे नाव द्यावे, मात्र दोन्ही एकाच वेळी जोडू नयेत, कारण एकाच नावाचे दोन ड्राइव्ह दिसले की मॅक दुसऱ्याच्या मार्गात नावापुढे १ हा आकडा जोडतो आणि पत्ता पुन्हा चुकतो. फोल्डरांची आतली रचना आपण कॉपी करताना बदलली नसेल, तर उद्गारचिन्हे एका झटक्यात नाहीशी होतील. रचना बदलली असेल, तर जुन्या ड्राइव्हवरून पुन्हा जशीच्या तशी कॉपी करणे हाच त्यातल्या त्यात कमी श्रमाचा मार्ग आहे. स्थलांतर आणि आवराआवर ही दोन कामे एकाच आठवड्यात करू नयेत, हे आम्ही अनेक पत्रलेखकांना कळवले आहे आणि येथे पुन्हा लिहितो.

सगळे स्थिरस्थावर झाल्यावर दोन कामे आवर्जून करावीत. विंडोजमध्ये ड्राइव्हला वर्णमालेच्या उत्तरार्धातील एखादे अक्षर, उदाहरणार्थ ‘पी’ किंवा ‘एस’, कायमचे द्यावे. आधीची अक्षरे येणाऱ्या-जाणाऱ्या पेन ड्राइव्हना वाटली जातात आणि एखाद्या दिवशी आपल्या ड्राइव्हचे अक्षर भलत्यालाच मिळते. (अक्षर बदलले की नोंदवहीतील पत्ताही बदलावा लागतो, ज्या प्लेअरमध्ये तशी सोय नाही, तेथे जुने अक्षरच कायम ठेवावे.) दुसरे काम म्हणजे प्रत्येक महत्त्वाची प्लेलिस्ट ‘एम३यू८’ या स्वरूपात काढून गाण्यांच्याच ड्राइव्हवर ठेवणे. ही साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात एका ओळीत एका गाण्याचा मार्ग असतो, आणि पुढे मार्ग बदलला तर कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये ‘शोधा आणि बदला’ एवढ्या एका आज्ञेने ती दुरुस्त होते. फक्त ती जतन करताना ‘यूटीएफ-८’ हेच एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, ठेवावे, अन्यथा देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उरतात.

प्रश्न : सगळी गाणी खरोखरच नीट कॉपी झाली हे कसे ओळखावे? माझ्या दोन ड्राइव्हवरील फोल्डरांच्या आकारात सुमारे अडीच जीबीचा फरक दिसतो आहे.

उत्तर : फरक कोणत्या आकड्यात आहे ते प्रथम पाहावे. फोल्डरच्या माहितीत विंडोज दोन आकडे दाखवते : ‘आकार’ आणि ‘डिस्कवरील आकार’. ड्राइव्ह आपली जागा ठरावीक मापाच्या कप्प्यांत वाटतो, आणि प्रत्येक फाइलच्या शेवटच्या कप्प्यात थोडी जागा रिकामी राहते. एक्सफॅट आणि एनटीएफएस या ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. मोठ्या ड्राइव्हवर एक्सफॅट पद्धतीत हा कप्पा सहसा १२८ केबीचा असतो, तर एनटीएफएसमध्ये बहुधा ४ केबीचा. एका फाइलमागे सरासरी अर्धा कप्पा वाया जातो असे धरले, तर ३८ हजार फाइलींमागे साधारण अडीच जीबी सहज होतात. तेव्हा ‘डिस्कवरील आकार’ वेगळा असला तर चिंता नाही. ‘आकार’ आणि फाइलींची संख्या मात्र तंतोतंत जुळली पाहिजे.

ती जुळली तरी आतला मजकूर शाबूत आहे असे सिद्ध होत नाही, कारण बिघडलेल्या फाइलीची लांबीही मूळ फाइलीएवढीच असू शकते. त्यासाठी प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला एक ठसा, दोन्हीकडे काढून पडताळावा लागतो. विंडोजवर टेराकॉपीसारखी साधने कॉपी झाल्यावर ही पडताळणी करून देतात. मॅक आणि लिनक्सवर ‘आरसिंक’ या फाइली जुळवणाऱ्या साधनाला चेकसमचा पर्याय देऊन पुन्हा चालवले की ज्या फाइली जुळत नाहीत त्या कळतात. ध्वनीचा काहीही भाग न गमावता साठवणाऱ्या फ्लॅक फाइलींना आणखी एक वरदान आहे. मूळ ध्वनीचा ठसा फाइलीच्या आतच लिहिलेला असतो, त्यामुळे तुलनेसाठी दुसरी प्रत हाताशी नसली तरी फाइल खराब झाली आहे की नाही ते तपासता येते. एमपी३ मध्ये अशी सोय नाही.

यासाठी वेळ हाताशी ठेवावा. यूएसबी २.० च्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबीपलीकडे वेग मिळत नाही, म्हणजे ७४० जीबीसाठी साधारण सहा तास जातात, यूएसबी ३.० च्या पोर्टवर साधी हार्ड डिस्क तेच काम दोन-तीन तासांत करते, आणि पडताळणीसाठी जवळपास तेवढाच वेळ पुन्हा धरावा लागतो. ड्राइव्ह नवा असूनही वेग फार कमी वाटला तर केबल जुनी आहे काय ते आधी पाहावे. आणि ‘कट’ करून ‘पेस्ट’ करण्याचा मोह आवरावा. मध्येच केबल हलली तर अर्धा संग्रह इकडे आणि अर्धा तिकडे अशी अवस्था होते, आणि कोणता अर्धा कोठे आहे हे शोधण्यात सुट्टीचा दिवस जातो.

प्रश्न : संग्रह लावण्याची योग्य पद्धत कोणती? मी आधी संगीतप्रकारानुसार फोल्डर केले होते, नंतर गायकांनुसार, आणि आता दोन्ही पद्धती एकमेकांत मिसळल्या आहेत. काही फाइलींची नावे मराठीत आहेत, काहींची इंग्रजीत.

उत्तर : फोल्डर म्हणजे ग्रंथालयातील फडताळ, आणि फाइलीतील टॅग म्हणजे तालिकापत्र. पुस्तक एका वेळी एकाच फडताळात ठेवता येते, पण त्याची नोंद लेखक, विषय आणि वर्ष अशी तिन्हीकडे करता येते. आपला गोंधळ झाला तो तालिकेचे काम फडताळाकडून करून घेण्याच्या प्रयत्नामुळे. संगीतप्रकार ही तर फडताळासाठी सर्वांत वाईट कसोटी, कारण एकाच गायकाचे एकच गाणे आज आपल्याला सुगम वाटते आणि दोन वर्षांनी भक्तिगीत. तो निर्णय टॅगवर सोपवावा, म्हणजे मत बदलले तरी फाइल हलवावी लागत नाही आणि प्लेअरच्या नोंदवहीतील पत्ताही अबाधित राहतो.

फोल्डरांसाठी कंटाळवाणी, पण टिकाऊ रचना पुरेशी आहे : वर मुख्य कलाकार, त्यात वर्ष आणि अल्बमचे नाव, त्यात दोन आकडी क्रमांक आणि गाण्याचे नाव. अनेक गायकांच्या संकलनांमुळे ही रचना विस्कटते, कारण गायकाच्या टॅगवरून फोल्डर केले की एका संकलनाचे बारा तुकडे होतात. त्यासाठीच ‘अल्बम आर्टिस्ट’ हा वेगळा टॅग आहे. संकलनातील प्रत्येक गाण्याला तेथे ‘विविध कलाकार’ असे लिहावे, आणि प्रत्यक्ष गायकाचे नाव गायकाच्या टॅगमध्ये तसेच राहू द्यावे. मैफिलींच्या ध्वनिमुद्रणांना अल्बमच नसतो. त्यांना अल्बमच्या जागी तारीख आणि स्थळ लिहिणे उत्तम, आणि तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी, म्हणजे त्या आपोआप कालक्रमाने लागतात. ध्वनिमुद्रण कोणी केले आणि ते आपल्याकडे कसे आले, हेही टिप्पणीच्या टॅगमध्ये नोंदवावे. दहा वर्षांनी ते आपल्यालाही आठवत नाही.

क्रम मात्र पाळावा : आधी टॅग दुरुस्त करावेत, मग टॅगवरून फाइलींची नावे आणि फोल्डर सॉफ्टवेअरकडून बनवून घ्यावेत. एमपी३टॅग हे साधन हाताने दुरुस्ती करण्यासाठी सोयीचे आहे. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड गाण्याच्या ध्वनीवरून त्याची ओळख पटवून टॅग सुचवते. सुचवते, एवढेच, एकदम पाच हजार फाइलींवर ते सोडल्यास मूळ अल्बममधील गाणी भलत्याच संकलनात जाऊन बसतात. एका बैठकीत वीस-पंचवीस अल्बम हे प्रमाण आम्हाला मानवले आहे. नावे बदलण्याची सोय ज्या प्लेअरमध्येच आहे, तेथे ती त्यातूनच वापरावी, म्हणजे नोंदवहीतील पत्तेही त्याच वेळी बदलतात.

आता मराठी नावांविषयी. देवनागरी नावे ठेवण्यास काहीच हरकत नाही. आजच्या सर्व प्रमुख फाइल पद्धती त्यांना सामावून घेतात. फ्लॅकचे टॅग तर नेहमी यूटीएफ-८ मध्येच असतात. एमपी३च्या टॅगच्या सर्वांत जुन्या आवृत्तीत शीर्षकाला केवळ ३० बाइटांची जागा होती आणि देवनागरीची सोयच नव्हती. तेथे बिघडलेली अक्षरे दिसल्यास टॅग २.३ या आवृत्तीत यूटीएफ-१६ एन्कोडिंगसह पुन्हा लिहावेत. गाण्याच्या क्रमांकाच्या टॅगमध्ये मात्र इंग्रजी अंकच लिहावेत, कारण बहुतेक प्लेअर तेथे त्याच अंकांची अपेक्षा ठेवतात, आणि फाइलींच्या नावांत एकाच फोल्डरमध्ये देवनागरी व इंग्रजी अंक मिसळू नयेत.

एक सूक्ष्म अडचण खास आपल्या लिपीची आहे. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’मधला अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो : ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’ आणि हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना हे सारखेच दिसतात, संगणकाला नाहीत. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत तर पहिल्या प्रकारचे नाव जतन करताना स्वतःच दुसऱ्या प्रकारात बदलते. त्यामुळे असा अर्धा र असलेले गाणे शोधून सापडत नाही, किंवा दोन ड्राइव्ह जुळवताना एकाच नावाची दोन गाणी दिसू लागतात. ‘रात्र’ नीट सापडते आणि ‘वाऱ्यावर’ सापडत नाही असे झाले, तर आपल्या टंकलेखनाला दोष देण्याआधी हे तपासावे. याखेरीज नावांत प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारका, तिरपी रेघ आणि दुहेरी अवतरणचिन्हे टाळावीत. विंडोजला ती चालत नाहीत, आणि मॅकवर निर्धास्तपणे दिलेली अशी नावे विंडोजकडे नेताना कॉपी तेथेच अडते.

प्रश्न : ड्राइव्ह एक्सफॅटने फॉरमॅट करावा की एनटीएफएसने?

उत्तर : फक्त विंडोजवर वापरायचा असेल तर एनटीएफएस. मॅकवर एनटीएफएस ड्राइव्ह वाचता येतो, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय त्यावर लिहिता येत नाही; म्हणून दोन्हीकडे वापरायचा असेल तर एक्सफॅट. एक्सफॅटमध्ये बदलांची आगाऊ नोंद ठेवणारी जर्नल नसते, त्यामुळे लिहिणे चालू असताना केबल ओढली तर फोल्डरांच्या यादीलाच इजा होण्याचा धोका अधिक. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय तो ड्राइव्ह काढू नये. फॅट३२ या जुन्या पद्धतीचा विचार केवळ वाहनातील जुन्या प्लेअरसाठीच्या पेन ड्राइव्हपुरता करावा. आणि फॉरमॅट करताना ड्राइव्हवरील सगळे पुसले जाते, हे माहीत असूनही लोक विसरतात.

प्रश्न : मी दोन ड्राइव्ह ठेवतो आणि सॉफ्टवेअरच्या साहाय्याने रोज रात्री दुसरा पहिल्यासारखा करून घेतो. गेल्या महिन्यात पहिल्यावरील एक मोठा फोल्डर चुकून पुसला गेला आणि लक्षात येईपर्यंत तो दुसऱ्यावरूनही नाहीसा झाला होता. मग बॅकअपचा उपयोग काय?

उत्तर : आपल्याकडे बॅकअप नव्हता, आरसा होता. ‘मिरर’ पद्धतीत दुसरा ड्राइव्ह पहिल्याचे तंतोतंत अनुकरण करतो, आणि त्यात पुसणेही आले. विंडोजच्या रोबोकॉपीतील मिरर आणि आरसिंकमधील ‘डिलीट’ हे पर्याय असेच वागतात. पुसलेल्या जागी अद्याप नवे काही लिहिले गेले नसेल तर फाइली परत मिळवून देणाऱ्या साधनांनी काही भाग हाती लागू शकतो, म्हणून दोन्ही ड्राइव्ह त्वरित वापरातून काढावेत आणि रोजचे आपोआप जुळवणे बंद करावे.

पुढील व्यवस्थेत दोन बदल पुरेसे आहेत. पहिला, जुळवणारे सॉफ्टवेअर पुसलेल्या आणि बदललेल्या फाइली थेट काढून न टाकता तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये सरकवेल असे ठरवावे. फ्रीफाइलसिंकमध्ये तशी सोय आहे. दुसरा, हे काम रोज आपोआप न करता, काय काय बदलणार आहे याची यादी नजरेखालून घालून आठवड्यातून एकदा हाताने करावे. गाण्यांचा संग्रह हिशेबाच्या वहीसारखा दर तासाला बदलत नाही, आणि यादीत ‘४१२ फाइली पुसल्या जातील’ असे दिसले की माणूस आपोआप थबकतो. या दोन प्रतींखेरीज तिसरी प्रत दुसऱ्या जागी, एखाद्या नातलगाकडे, ठेवावी आणि वर्षातून दोनदा आणून ताजी करावी. प्लेअरची नोंदवहीही प्रत्येक प्रतीत असू द्यावी; ती बहुधा काही शे एमबीपेक्षा मोठी नसते आणि नेमकी तीच विसरली जाते.

प्रश्न : एकच गाणे तीन-चार वेळा आहे. दुबार फाइली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ती सापडत नाहीत.

उत्तर : अशी बरीच साधने फाइलींचे ठसे ताडून पाहतात, आणि टॅगमध्ये एक स्वल्पविराम वेगळा असला तरी ठसा बदलतो. ध्वनीवरून ओळख पटवणारी साधने ती गाणी शोधून देतील; पण तेथे उलटा धोका असतो, कारण एकाच गाण्याच्या जवळजवळ सारख्या दोन आवृत्त्या त्यांना एकच वाटू शकतात. निर्णय कानांनीच घ्यावा. ठेवायची फाइल निवडताना केवळ आकार पाहू नये : १२८ केबीपीएसच्या एमपी३ पासून कोणी फ्लॅक बनवली असेल तर ती कित्येक पटींनी मोठी दिसते, परंतु एमपी३ बनवताना गेलेला ध्वनी तिच्यात परत आलेला नसतो. आणि ज्या प्रतीला तारे दिले आहेत व जी प्लेलिस्टमध्ये आहे ती शक्यतो पुसू नये. दुसरी प्रत अधिक चांगली असेल तर तिलाच जुन्या फाइलीचे नाव आणि जागा द्यावी, म्हणजे नोंद कायम राहते. मात्र हे दोन्ही फाइलींचा प्रकार एकच असेल तरच साधते. पाचशे दुबार गाणी काढून सुटतील साधारण दहा जीबी. चार टेराबाइटच्या ड्राइव्हवर त्यासाठी महिनाभर डोके शिणवावे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रश्न : कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी घ्यावी काय? ती पडली तरी बिघडत नाही असे ऐकतो.

उत्तर : रोजच्या प्रवासात नेण्यासाठी एसएसडी खरोखरच अधिक सोयीची, कारण तिच्यात फिरणारे भाग नसतात. परंतु ती माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवते आणि दीर्घकाळ विजेविना पडून राहिल्यास तो भार हळूहळू ओसरू शकतो. कपाटातील प्रतीसाठी साधी हार्ड डिस्क अधिक योग्य आणि त्याच पैशात जागाही जास्त देणारी. तिलाही दर सहा महिन्यांनी जोडून, आधी काढून ठेवलेल्या चेकसमांशी फाइली एकदा पडताळून, पुन्हा ठेवावे. आपण १ टेराबाइटची डिस्क घेतली आणि विंडोजने ९३१ जीबी दाखवले तर दुकानदाराशी वाद घालू नये. उत्पादक १००० च्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे.